सालामांकातल्या घरी साडेचार महिने: आधी काय बोलून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तिसऱ्या वर्षाला शिकणारी विद्यार्थिनी जानेवारीच्या शेवटी स्पेनमधल्या सालामांकाला चालली आहे, जूनच्या मध्यापर्यंत. राहायची सोय एका कुटुंबात, तिन्ही वेळचं जेवण धरून. ती अंडं खाते, मांस-मासे नाही. स्पॅनिश ए-2 पर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दोन पायऱ्या, झालंय. कुटुंबाला आधी काय कळवायचं, सोबत काय न्यायचं, घरात कसं वागायचं, आणि घरात राहून भाषा खरंच येते का, हे तिला विचारायचंय.

शेवटचं आधी घेऊ. घरात राहिलं म्हणून भाषा येत नाही. ती जेवणाच्या टेबलावर येते. दुपारी जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून जी गप्पांची बैठक रंगते, तिला तिथे 'सोब्रेमेसा' म्हणतात. रोज दोन्ही वेळा धरून तास-दीड तास तिथे बसलात तर जूनमध्ये फरक दिसेल. जेवून खोलीत जाऊन दार लावलंत, तर घर काय आणि हॉस्टेल काय, सारखंच. आता टेबलावर निवांत बसायचं तर खाणं, न्हाणं आणि वेळा यांवरून कुरबूर नको. म्हणून खालचा सगळा तपशील.

आधी हे घर कसलं असतं ते समजून घ्या. 'कुटुंब' म्हटल्यावर आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती साठीच्या आसपासची एकटी बाई असते किंवा मुलं बाहेरगावी गेलेलं जोडपं असतं. वर्षानुवर्षं विद्यार्थी ठेवतात, त्याचे पैसे मिळतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सदाशिव पेठेतल्या पीजीच्या काकू आठवा, फक्त दारावर पाट्या न लावणाऱ्या. अडचण नेमकी तीच आहे: नियम असतात, पण लिहिलेले नसतात. ते तुम्हीच पहिल्या दोन दिवसांत विचारून घ्यायचे. 'पेन्सियोन कोम्प्लेता' म्हणजे तीन वेळचं जेवण, 'मेदिया पेन्सियोन' म्हणजे दोन वेळचं. रविवारी रात्री जेवण असतं का? कॉलेजचा वर्ग दुपारी दोन ते चार असला तर ताट झाकून ठेवतात की 'बोकादियो' म्हणजे लांब पावाचं सँडविच बांधून देतात? कपडे आठवड्यातून किती वेळा धुतात? चादरी कोण बदलतं? स्वयंपाकघर वापरता येतं का? (बहुतेक ठिकाणी नाही, फ्रीजमधला एक कप्पा तेवढा मिळतो.) मैत्रिणीला खोलीवर आणलं तर चालतं का? रात्री मुक्कामाला पाहुणा तर जवळपास कुठेच चालत नाही. घरात दुसरी परदेशी विद्यार्थिनी आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारा, आणि शक्य असेल तर एकटीच राहण्याची विनंती करा. इंग्रजी बोलणारी खोलीशेजारीण मिळाली की रात्रीचं सगळं बोलणं इंग्रजीत होतं, आणि तीच वेळ तर स्पॅनिशची असते.

खाणं. इथे मोघम राहिलात की फसलात. 'सोय बेहेतारियाना', मी शाकाहारी आहे, एवढं सांगून भागत नाही. 'नो कोमो कार्ने' म्हटलं तर बऱ्याच घरांत 'कार्ने' म्हणजे लाल मांस असं धरतात आणि दुसऱ्या दिवशी ताटात कोंबडी येते. त्यावर 'पण हामोन चालतं ना?' हा प्रश्न ठरलेला. तो चेष्टेचा नाही. पातळ कापलेलं वाळवलेलं डुकराचं मांस तिथे चवीपुरतं सगळीकडे पडतं, आणि सालामांका जिल्ह्यातल्या गिहुएलोचं हामोन तर नावाजलेलं आहे. म्हणून नावं घेऊन सांगायचं: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि हामोन, नि चोरिथो, नि पेस्कादो, नि आतून. सी कोमो उएबोस, लेचे इ केसो.' मांस नाही, कोंबडी नाही, हामोन नाही, चोरिथो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) नाही, मासे नाहीत, ट्यूना नाही. अंडी, दूध, चीज चालतं. हे निघण्यापूर्वी, घर ठरवून देणाऱ्या संयोजकांमार्फत लेखी पोचवा आणि पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून पुन्हा म्हणा.

चकवणारे पदार्थ ओळखून ठेवा. सॅलडमध्ये ट्यूना न सांगता येतो. एन्सालादिया रूसा, म्हणजे बटाटा-मेयोनीजचं सॅलड, त्यातही तोच. क्रोकेता बाहेरून बटाटावड्याच्या चुलतभावासारखी दिसते, आत बहुधा हामोन. फरसबी आणि मिश्र भाज्यांच्या मेनेस्त्रात हामोनचे तुकडे परततात. लसणाचं सूप शाकाहारी वाटतं, नसतं. भोपळ्याच्या किंवा झुकिनीच्या सुपात कोंबडीच्या अर्काची वडी विरघळलेली असू शकते. मसुराच्या आमटीत, लेंतेहासमध्ये, चोरिथो शिजवून वाढताना काढून ठेवतात आणि मनापासून सांगतात की यात मांस नाही. नाताळच्या आसपासच्या पोल्वोरोन या भुसभुशीत बिस्किटांत डुकराची चरबी, मांतेका, असते. तुम्ही जाल तेव्हा उरलेली बिस्किटं डब्यात असतील. या प्रत्येकाला वेगळं 'नाही' म्हणत बसू नका. 'माझ्यासाठी चोरिथो घालण्याआधी एक वाडगं बाजूला काढाल का?' असं विचारा. एकाच पातेल्यात दोन्ही होतं, त्यामुळे त्यांचं काम वाढत नाही.

निर्धास्त खाता येईल असंही पुष्कळ आहे: तोर्तिया दे पाताता (अंडी-बटाट्याचं जाड धिरडं, कांदा घालायचा की नाही यावर तिथे खरोखर वाद होतात), पिस्तो (टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीची भाजी), पालक-चणे, टोमॅटो सॉस आणि तळलेल्या अंड्याबरोबर भात, उन्हाळ्यात गाथपाचो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप. सालामांकाच्या उत्तरेच्या ला आर्मुन्या पट्ट्यातली मसूर आणि पेद्रोसियोचे बारीक चणे ही तिथली अभिमानाची कडधान्यं. आपण आमटी-उसळीवर वाढलेली माणसं. 'ही मसूर आर्मुन्याची का?' एवढं विचारलंत की सेन्योरा, म्हणजे घरच्या बाई, खूश.

वेळा. सकाळचा नाश्ता म्हणजे कॉफी आणि टोस्ट किंवा बिस्किटं, बस्स. मुख्य जेवण दोन ते तीनच्या दरम्यान, रात्रीचं साडेनऊच्या आसपास. मधल्या दोन पोकळ्यांत भूक खवळते आणि मग मुलं जेवणाआधी चिप्स खाऊन टेबलावर ताट उष्टं सोडतात. हे घरच्या बाईंच्या मनाला फार लागतं. अकराच्या सुमाराला बारमध्ये तोर्तियाचा एक तुकडा आणि सहाला 'मेरिएंदा', फळ किंवा पाव-चॉकलेट, असं ठरवून टाका. जेवायला येणार नसाल तर सकाळीच व्हॉट्सअ‍ॅप करा: 'ओय नो बेंगो आ थेनार.' रात्री किती वाजता आलात याची चौकशी सहसा होत नाही. सालामांका विद्यार्थ्यांचं गाव आहे, गुरुवारी रात्री तर पहाटेपर्यंत गजबज. न सांगता जेवण चुकवलंत की मात्र राग येतो. तीन ते पाच घरात शांतता ठेवायची, झोपा न झोपा.

घरी फोन करायची वेळही आधीच ठरवा. भारत हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. पुण्यातले रात्रीचे दहा म्हणजे फेब्रुवारीत तिथले संध्याकाळचे साडेपाच. दुपारची शांतता संपलेली, जेवणाला अवकाश. आई जेवणं आटोपून बसलेली असते, तुम्हीही मोकळ्या. टेबलावर फोन वाजला की सोब्रेमेसा संपली म्हणून समजा.

न्हाणीघराबद्दल लाजून कुणी बोलत नाही, आणि भांडणं तिथेच होतात. स्पेनमधल्या फ्लॅटच्या बाथरूमला जमिनीत पाणी जायला जाळी नसते. टबात किंवा शॉवरच्या चौकटीत पाणी राहील या हिशेबानं सगळं बांधलेलं. पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर राहिला तर त्यावरून पाणी ओघळून फरशीवर येतं, फरशीच्या सांध्यांतून खालच्या मजल्याच्या छतावर डाग उमटतो आणि मग शेजारी, विमा कंपनी, दुरुस्ती असं सगळं मागे लागतं. बादली-तांब्यानं अंघोळ नाही. कमोडला जेट नसतो. बऱ्याच घरांत शेजारी बिदे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं बेसिन, असतं, नसेल तर छोटी बाटली वापरा आणि कडा पुसून घ्या. ओले वाइप्स, पॅड काहीही कमोडमध्ये टाकायचं नाही. गरम पाणी साठवणीच्या टाकीतून येत असेल तर ती साधारण 50 ते 80 लिटरची असते. तुम्ही वीस मिनिटं उभ्या राहिलात तर मागच्याला गार पाणी. पाच-सात मिनिटं पुरेत, आणि सकाळी कोण कधी जातं ते विचारून आपली वेळ ठरवा. डोक्याला तेल लावत असाल तर उशीवर स्वतःचा जुना टॉवेल. चादरी त्यांच्या, आणि खोबरेल तेलाचा डाग एका धुण्यात जात नाही.

अनवाणी फिरू नका. आपण चपला दाराबाहेर काढतो आणि घरात पाय मोकळे. तिथे अनवाणी पाय म्हणजे अस्वच्छ आणि 'सर्दी होईल'. घरातल्या सपाता, 'थापातियास', पहिल्याच दिवशी घ्या.

वीज महाग आहे, आणि त्यावरून टोमणे येतात, म्हणून कारण समजून घ्या. बहुतेक घरांनी किती किलोवॉट एका वेळी वापरायचं याचा करार केलेला असतो, 3.45 किंवा 4.6 हे आकडे नेहमीचे. ओव्हन चालू, कपड्यांचं यंत्र चालू आणि तुम्ही दोन हजार वॉटचा हेअर ड्रायर लावलात की अख्ख्या घराची वीज जाते. इमर्शन रॉड आणि छोटी शेगडी इथेच ठेवा. 2021 च्या जूनपासून नियमित दराच्या ग्राहकांना कामाच्या दिवशी सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10 वीज सर्वांत महाग, मध्यरात्रीनंतर आठपर्यंत आणि शनिवार-रविवार स्वस्त. त्यामुळे कपडे शनिवारी धुतले जातात. तुमच्या कपड्यांचा ठरलेला वार मोडू नका. आपली दोन गोल पिनांची लहान प्लग तिथे बसते, तीन पिनांची नाही. अ‍ॅडॉप्टर एक पुरे. गाव 800 मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि जुन्या इमारतींत हीटिंग ठरलेल्या तासांनाच चालतं. थर्मल आणि जाड मोजे न्या, जादा पांघरूण मागा, पण खोलीत हीटर आणून लावू नका. रात्री खिडकीचं गुंडाळपट्टीचं शटर, 'पेर्सियाना', खाली ओढलं की ऊब टिकते.

किल्लीचं एक लक्षात असू द्या. फ्लॅटचं दार ओढलं की बंद होतं आणि बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसते. कचरा टाकायला दोन मिनिटं गेलात तरी किल्ली खिशात. आतून किल्ली कुलपात ठेवून झोपू नका. बऱ्याच कुलपांत मग बाहेरून दुसरी किल्ली फिरत नाही आणि घरची माणसं जिन्यात अडकतात.

आता भेटी आणि सामान. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, प्रमाण कितीही असो. पेढे, बर्फी, तूप, चीक, तुपातले लाडू, सगळं त्यात आलं. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूसची पेटी म्हणजे विमानतळावर निरोप. बाकरवडी, कोकणातले काजू, शेंगदाण्याची चिक्की चालते. टिकणारी वस्तू द्यायची तर सावंतवाडीची लाकडी फळं किंवा वारलीचं छोटं चित्र, कुणाची हे दोन वाक्यांत स्पॅनिशमध्ये सांगता आलं म्हणजे झालं.

स्वयंपाकघर मोकळं झालं तर महिन्याभरानं एकदा रांधून घाला, पहिल्या आठवड्यात नको. शेगडी बहुधा सपाट काचेची असते: गोल बुडाची कढई बसत नाही, फुलका फुगवता येत नाही, आणि भांडं सरकवलं तर चरा पडतो. फोडणी सूर्यफुलाच्या तेलात, एक्झॉस्ट आधी सुरू करून, दारं लावून, मोहरी अर्धा चमचा, हिंग चिमूटभर. मिरचीचा ठसका बंद फ्लॅटमध्ये तासभर राहतो. हिंगाची डबी दोन पिशव्यांत. तिथला आखूड तांदूळ चिकट होतो, मऊ भाताला उत्तम, पुलावाला नाही. सगळ्यांत सोपी पावभाजी: सगळं तिथेच मिळतं, तिखट निम्मं करा, मसाला तेवढा न्या. आणि टेबलावर बोलायला विषयही हाताशी येतो, कारण आपला 'पाव' पोर्तुगीजांचा आणि त्यांचा 'पान', सख्खे. चावी, साबण, पगार हेही पोर्तुगीजांकडून आलेले. स्पॅनिशमध्ये 'याबे', 'हाबोन', आणि 'पागार' म्हणजे पैसे देणं. बटाटा मात्र स्पेनमध्ये 'पाताता'. 'बाताता' म्हणालात तर रताळं येईल.

उच्चारांत मराठी माणसाला मोठी सोय आहे: स्पॅनिशचे त, द, प, क आपल्यासारखेच, बिनहकाराचे. इंग्रजीच्या सवयीनं ट-ड घुसवले नाहीत की झालं. 'व' लिहिलेलं 'ब'सारखं म्हणायचं. अडतं ते दोन ठिकाणी. 'ग्राथियास'मधला थ हा आपला थ नाही. जिभेचं टोक दातांच्या मधोमध ठेवून नुसती हवा सोडायची, आघात करायचा नाही. आणि वर मी 'हामोन' लिहिलंय त्यातला ह कास्तियात, म्हणजे सालामांका येतं त्या भागात, घशातून खरवडून येतो, मऊ नाही.

संबोधनाचा घोळ मराठी मुलींचा हमखास होतो. वडीलधारी बाई म्हणून आपण 'उस्तेद', म्हणजे अहो-जाहो, वापरतो. स्पेनमध्ये घरात 'तू' चालतं, आणि 'उस्तेद' म्हटलं की सेन्योरेला आपण म्हाताऱ्या झालो असं वाटतं. दोन दिवसांत ती सांगेलच, तेव्हा ऐका. भेटताना गालाला गाल दोनदा. जेवताना 'पाणी दे' असं थेट मागणं तिथे उद्धटपणाचं नाही, मराठी घरासारखंच: 'मे पासास एल आगुआ?' प्रत्येक घासाला 'पोर फाबोर, ग्राथियास' म्हणत राहिलात तर परकेपणा वाटतो. वाढण्याचा आग्रह मात्र आपल्या तोडीचा. 'नो पुएदो मास, दे बेर्दाद', आता खरंच नको, हे पाठ करा. काही शब्द सांभाळा: गरम होतंय म्हणजे 'तेंगो कालोर', 'एस्तोय कालिएंते' कधीच नाही, त्याचा अर्थ भलता होतो. 'कोन्स्तिपादा' म्हणजे सर्दी झालेली, पोटाशी संबंध नाही. 'एम्बाराथादा' म्हणजे गरोदर.

सोब्रेमेसात गप्प बसण्याचं कारण व्याकरण नसतं, रीत असते. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये हे आपल्यात मुरलेलं. तिथे चौघं एकदम बोलतात, आणि थांबून वाट पाहाल तर पाळी येतच नाही. 'पुएस' (मग), 'एस के' (त्याचं असं की), 'आ बेर' (बघू) यांतला एखादा शब्द टाकून शिरायचं, वाक्य मोडकं असलं तरी. दुपारी तीनला सरकारी वाहिनीवर बातम्या लागतात आणि बऱ्याच घरांत टेबलासमोर टीव्ही चालू असतो. सकाळी एक बातमी वाचून जा, एक प्रश्न तयार ठेवा: 'हे मला कळलं नाही, म्हणजे काय?' उत्तर दहा मिनिटं चालतं. तीन नवे शब्द वहीत, दुसऱ्या दिवशी त्यांतला एक वापरायचा. घरातली नातवंडं इंग्रजी शिकवा म्हणतील. आठवड्यातून अर्धा तास द्या, बाकी नाही. आणि सेन्योरेचं सगळं परीक्षेत लिहू नका. कास्तियाच्या काही भागांत 'तिला सांगितलं' हे 'ला दिहे' म्हणतात, पेपरात 'ले दिहे'च हवं.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, 'लुनेस दे आगुआस'ला, गाव तोर्मेस नदीकाठी वनभोजनाला जातं. त्या दिवशीचा ओर्नाथो, म्हणजे सारण भरून भाजलेला पाव, चोरिथो, मांस आणि अंडी घातलेला असतो. आदल्या दिवशी आपली तोर्तिया सांगून ठेवा आणि जा. ईस्टरच्या आठवड्यातल्या तोर्रिहा, दुधात-अंड्यात भिजवून तळलेला पाव, मात्र पोटभर खा.

घर जमलंच नाही तर? खोली फार थंड, जेवण अपुरं, घरात कायम धूर, असं असेल तर आधी सेन्योरेला सांगा, मग दोन-तीन दिवसांत संयोजकांना, लेखी, तारखांसह. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घर बदलणं रुळलेली गोष्ट आहे. एप्रिलमध्ये मागितलंत तर रिकामं घर मिळत नाही. 'स्वभाव जुळत नाही' यापेक्षा 'आठवड्यात तीनदा ताटात मांस आलं' हे लवकर ऐकलं जातं.

कागदपत्रांचं थोडकं. मुक्काम 180 दिवसांच्या आत असल्यानं विद्यार्थी व्हिसाच पूर्ण काळाला पुरतो, तिथलं परदेशी ओळखपत्र काढावं लागत नाही. आर्थिक क्षमतेचा हिशेब स्पेनच्या 'इप्रेम' या सरकारी उत्पन्न-निर्देशांकावर होतो, 2023 मध्ये तो महिना 600 युरो झाला. राहण्याचे पैसे आधी भरलेत तर त्या पावतीसह कुटुंबाच्या पत्त्याचं पत्र जोडा. आणि नाव. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, त्यामुळे आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव वाचून ते वडिलांच्या नावालाच पहिलं आडनाव धरतात. वर्गाच्या यादीत, ईमेलमध्ये, बसच्या पासावर आपण सापडला नाहीत, तर वडिलांच्या नावाच्या अक्षराखाली शोधा.